बुजवलेले चार पोर्ट

घुग्घुसमध्ये सकाळी पुसलेला टेबल दुपारपर्यंत बोटानं नाव लिहिण्याइतका काळा होतो. वच्छलाबाईंना त्याची सवय झाली होती. त्यांच्या नवऱ्याला, लटारूभाऊंना, चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून काढूनही झाली नव्हती. निवृत्त झाल्यापासून तर ते धुळीच्या हात धुऊन मागे लागले होते. खिडकीच्या फटींवर मैद्याच्या खळीनं चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, रिकाम्या सॉकेटात मेणबत्तीचं मेण, दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी. खोकला आला की त्यांच्या छातीतून अजून काळं पडायचं, म्हणून वच्छलाबाई फार बोलत नसत.

त्या सोमवारी मात्र त्यांचं डोकं फिरलं.

वच्छलाबाई आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या. एकोणिसाव्या वर्षी चंद्रपूरच्या टायपिंग क्लासातून त्या मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा पास झाल्या आणि पुढच्याच मे महिन्यात लग्न होऊन घुग्घुसला आल्या. सर्टिफिकेट पेटीत, साड्यांच्या तळाशी गेलं. मुलगी प्रिया पुण्याला नोकरीला लागली, तिचा कॉलेजातला कम्प्युटर कोपऱ्यात तसाच राहिला. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी वच्छलाबाईंनी त्याच्यावरचं कापड काढून सहज टाइप करून पाहिलं. पहिल्या ओळीत पाच चुका झाल्या, दुसरीत दोन, तिसरीत एकही नाही.

नागपूरच्या एका संस्थेला सभा-बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून घरबसल्या मराठीत टाइप करणाऱ्या बायका हव्या होत्या. प्रियानं आईचं नाव कळवलं. बुधवारी अकराला चाचणी होती. कॅमेऱ्यासमोर बसायचं, कानात हेडफोन घालायचे आणि अर्ध्या तासात दिलेलं रेकॉर्डिंग टाइप करून द्यायचं. जी बसणार नाही तिचं नाव कापून यादीतल्या पुढचीला बोलावणार होते. प्रियानं कॅमेरा आणि हेडफोन, दोन्ही चपट्या यूएसबी पिनेचे, कुरियरनं धाडले. इंटरनेटसाठी मोबाइल वायरीनं कम्प्युटरला जोडायचं शिकवलं.

सोमवारी वच्छलाबाईंनी कम्प्युटरचा डबा ओढून फिरवला. पुढे दोन पोर्ट, मागे चार. मागच्या दोनांत कीबोर्ड आणि माउस. उरलेल्या चारही पोर्टांत करडं, दगडासारखं काहीतरी भरलेलं. हेडफोन लावायची गोल भोकंसुद्धा त्यानंच भरली होती.

"हे काय केलं तुमी?"

लटारूभाऊ पेपर वाचत होते. "काय केलं?"

"कम्प्युटरची भोकं काऊन बुजवली?"

"रिकामी होती." त्यांनी पान उलटलं. "प्रिया गेली तवाच बुजवली. एम-सील भरलं. तीन वर्षांत आत कणभर धूळ गेली नाई, म्हणून तर चालून राह्यला तो."

"मले इचारलं काय?"

"तू तवा कुठी वापरत होती वं?"

हे खरं होतं, म्हणूनच त्यांना जास्त राग आला. त्यांनी केसातली पिन घेऊन एक पोर्ट कोरायला घेतला. पिन वाकली. मग लटारूभाऊंनी पेचकस आणला, दहा मिनिटं खाटखूट केली आणि हात टेकले. आपलं काम किती पक्कं झालंय याचा थोडा अभिमानच त्यांच्या तोंडावर दिसत होता. वच्छलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक भांडं आपटून ठेवू लागल्या.

मंगळवारी दोघं बाजारात विक्कीच्या दुकानात गेले. "हब घ्या बाई," विक्की म्हणाला. "एका पोर्टाचे चार होते. पण तुमचं सामान जास्त हाय, तर हा अडॅप्टरवाला घ्या. भिंतीतून येगळा करंट घेते."

"अजून एक वायर," लटारूभाऊ म्हणाले. "अन् प्लग कुठी लावशील? तिथलं सॉकेट बंद हाय. साधा दे रे."

"बंद हाय का बंद केलं?" वच्छलाबाईंनी विचारलं. विक्की मान खाली घालून हसला. पण साधाच हब घरी आला, कारण लटारूभाऊंनी तो बोलता बोलता थैलीत टाकलासुद्धा होता.

बुधवारी दहाला त्यांनी सगळं जोडलं. एका पोर्टात हब, हबात कीबोर्ड, हेडफोन, कॅमेरा, मोबाइल. दुसऱ्या पोर्टात माउस. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि विझला. परत काढून लावला, परत विझला. पडद्यावर पाटी आली: या उपकरणाला जास्त वीज हवी. प्रियाला फोन केला, ती मीटिंगमध्ये. अकराला पाच मिनिटं असताना नागपूरहून रंजीता मॅडमचा फोन आला. चाचणी त्याच घेणार होत्या.

"ताई, तुमचा चेहरा दिसत नाहीये. साडेअकरापर्यंत थांबते. त्यानंतर दुसऱ्या ताईंची वेळ आहे."

"अडॅप्टरवाला घ्या लागत होता," लटारूभाऊ मागून म्हणाले.

वच्छलाबाईंनी वळून पाहिलं. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

काय करावं सुचेना, तेव्हा त्यांचं लक्ष मोबाइलकडे गेलं. त्यावर चार्जिंगची खूण होती. म्हणजे हा बसल्या बसल्या हबातून करंट ओढत होता. एकाच बोर्डावर पाणी तापवायची रॉड आणि मिक्सर लावला की मिक्सर कसा रडायला लागतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माउस काढून हबात घातला आणि मोबाइलची वायर सरळ कम्प्युटरात घातली. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

पण इंटरनेट गेलं. माउसची पिन बारीक होती. मोबाइलची जाड, आणि शेजारच्या पोर्टातून एम-सीलचा गोळा बाहेर फुगलेला, त्यामुळे ती पूर्ण आत बसेना. हब आणि मोबाइलची वायर आलटून पालटून पाहिली, पण हबची पिन तर त्याहून जाड. बोटानं वर दाबून धरलं की चालायचं, सोडलं की बंद. अकरा वीस झाले होते.

"इकडं या," त्या म्हणाल्या. "बसा इथी खाली. हे असं धरा. हलू नका."

लटारूभाऊ डब्यामागे मांडी घालून बसले आणि त्यांनी दोन बोटांनी वायर वर दाबून धरली. पडद्यावर रंजीता मॅडम दिसल्या.

"छान. आता कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवा. खोलीत दुसरं कोणी नको, तो नियम आहे."

वच्छलाबाईंनी कॅमेरा खिडकीकडे फिरवला, मग कपाटाकडे. कोपरा टाळता येईना.

"ते कोण?"

"मालक हायेत आमचे. वायर धरून बसले."

"त्यांना बाहेर जावं लागेल, ताई."

"ते गेले तर मीबी जाते, मॅडम. नेट बंद पडते. त्याहिनं भोकं बुजवून ठेवली, आता त्याहिलेच धरा लागते."

मग रंजीता मॅडमनं विचारलं, "त्यांना टायपिंग येतं?"

"नाई. स्वतःच्या चपला कुठी काढल्या तेबी मलेच इचारते."

"मग कॅमेरा असा लावा की दोघंही दिसाल. पण त्यांनी एक शब्द बोलायचा नाही. बोलले तर चाचणी रद्द."

रेकॉर्डिंग सुरू झालं. कुठल्याशा पाणीपुरवठ्याच्या बैठकीतलं भांडण होतं, तीन माणसं एकदम बोलणारी. वच्छलाबाईंची बोटं चालू लागली. लटारूभाऊंचा गुडघा दुखू लागला, मग मान अवघडली. पंधराव्या मिनिटाला त्यांना खोकल्याची उबळ आली. वच्छलाबाईंनी टाइप करता करताच त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी दुसऱ्या हातानं खांद्यावरचा गमचा ओढून तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं, पण वायर सोडली नाही.

अर्धा तास झाला. रंजीता मॅडमनं पानं वरखाली करून पाहिली.

"चार-पाच चुका आहेत. चालेल. सोमवारपासून रोज अकरा ते तीन बसायचं, ताई. रोज, हं."

लटारूभाऊंनी तोंडातला गमचा काढला. "रोज?"

"काऊन, दुसरं काय काम हाय तुमाले?" वच्छलाबाई म्हणाल्या. "धरून ठेवा अजून. मॅडम पत्ता लिहून घेऊन राह्यल्या."