टोपी खाणारी बकरी

सुकलाल गेल्याची बातमी घेऊन आलेल्या शाळेच्या शिपायानं आधी माझ्याकडून सायकलचा पंप मागून घेतला, चाकात हवा भरली, आणि पंप परत देताना म्हणाला, "तुमचे दोस्त गेले, सर." सुकलालला हे कुणी सांगितलं असतं, तर तो पोट धरून हसला असता... त्या बातमीलाही आता महिना उलटला.

मेळघाटातला हा कोरकू पोरगा लहानपणी निवासी शाळेत आणला गेला आणि मोठेपणी अमरावतीत माझ्याच शाळेत मास्तर झाला. वर्गात कडक, मास्तरांच्या खोलीत पक्का टवाळ. त्या निवासी शाळेवर त्यानं एकच गोष्ट लिहिली. तिच्यात एक बकरी वसतिगृहात शिरते आणि एका मुलाची पांढरी टोपी खाऊन टाकते. गोष्ट मासिकात छापून आली आणि अकोल्याच्या एका मंडळानं त्याला चर्चेला बोलावलं. मीही सोबत गेलो, मुख्यतः जेवणासाठी.

तिथं एक प्राध्यापक बकरीवर बराच वेळ बोलले. बकरी म्हणजे रान, टोपी म्हणजे लादलेली शिस्त, आणि चघळणं म्हणजे बंड. डुलक्या घेणारे अध्यक्ष 'बंड' ऐकून दचकून जागे झाले. मग सुकलाल उठला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, बकरी भुकेली होती." सगळे हसले. प्राध्यापकही हसले, पण म्हणाले, "लेखकाला सगळं ठाऊक असतंच असं नाही."

परतताना एस.टी.त सुकलाल मूर्तिजापूर मागं पडल्यावर म्हणाला, "त्या शाळेत बकरी नव्हतीच, गड्या."

"मंग टोपी कोनं खाल्ली?"

"म्या. आमच्या बोलीत बोललो का टोपी तोंडात कोंबून व्हरांड्यात उभं करत. किनार चावू चावू गिळली. लिवताना लाज वाटली, म्हनून बकरी आनली." मग जरा थांबून, "तो मानूस बराबर बोलून राहिला होता. त्याले कसं समजलं?"

मी विचारलं, "चव कशी होती?" तो इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं. हसता हसता त्यानं डोळे पुसले... आणि बराच वेळ पुसतच राहिला.

तोवर तो घरात कोरकू बोलत नसे. शहरात वाढलेल्या त्याच्या मुलीला एक शब्द येत नव्हता. त्या दिवसापासून तो तिला रोज शिकवू लागला, तेही वर्गातल्याच कडक आवाजात. बायकोही मेळघाटातलीच, धारणीकडची कोरकू. ती मला म्हणाली, "लग्नाले इतकी वर्सं झाली भाऊ, आता कुठं आपल्या बोलीत भांडून राह्यले मायासंगं."

परवा त्यांच्याकडे गेलो. मुलगी दारातच म्हणाली, "काका, डा देऊ?" कोरकूत पाण्याला डा म्हणतात.

तहान नव्हती. मी दोन पेले प्यालो.