दुसऱ्या भागातली ॲम्ब्युलन्स

माझा थोरला भाऊ टेम्पो चालवायचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग भरायचे आणि रत्नागिरीच्या बाजूला पोचवायचे, हे त्याचं काम. मी तेव्हा कोल्हापुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते आणि त्या निमित्तानं वडिलांनी घरात एक जुना कॉम्प्युटर आणला होता. अभ्यासापेक्षा त्यावर जास्त चालला तो एक गेम. गुन्हेगारीचा. एक मोठं शहर आणि त्यात आपण एक भुरटा गुंड. वाटेल त्याची गाडी ओढून घ्यायची, वाटेल तिकडं जायचं, पोलिसांना चुकवायचं. दादा कामावरून आला की हातपाय धुऊन थेट माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढायचा. दिवसभर गाडी चालवून आलेला माणूस पुन्हा गाडीच चालवायचा, फक्त उलट्या बाजूनं, सिग्नल तोडत, फुटपाथवरून.

"रस्त्यावर करता येत न्हाय ते हितं करायचं," म्हणायचा. माणसं गाडीखाली यायची, आम्ही दोघं हसायचो. आई आतून म्हणायची, "काय हसतायसा एवढं?" तिला काय सांगणार?

पावसाळा सरल्यावर एका सकाळी, मलकापूरच्या अलीकडं, उसाच्या फडातून एक म्हातारा सायकलवरून रस्त्यावर आला. मागं वैरणीचा भारा होता, त्यामुळं म्हाताऱ्याला मागचं काही दिसलं नसावं. दादा वेगात नव्हता. त्यानं ब्रेकही लावला. पण मागं बिडाचा माल होता, आणि तसला माल भरलेली गाडी लगेच थांबत नाही.

बरेच ड्रायव्हर अशा वेळी पळून जातात. जमाव मारतो, गाडी पेटवतो, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. दादा उतरला. शेजारच्या शेतातला एकजण धावत आला, दोघांनी म्हाताऱ्याला उचलून पुढच्या सीटवर घेतलं, त्या शेतकऱ्यानं त्याचं डोकं मांडीवर धरलं आणि दादानं टेम्पो मलकापूरच्या दवाखान्याकडं हाकला. वाटेत म्हातारा एकदाच बोलला. "वैरण पडली," म्हणाला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

पोलीस केस झाली. वडिलांनी जामिनाचं बघितलं. टेम्पोच्या मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि दादा घरी बसला. तो रागावत नव्हता, रडत नव्हता, जेवायला हाक मारली की जेवत होता. आई रोज संध्याकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढं एक मेणबत्ती लावायची. त्या आठवड्यापासून ती दोन लावू लागली. दुसरी कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.

असे काही महिने गेले. मग त्या गेमचा दुसरा भाग आल्याचं कॉलेजात कळलं. राजारामपुरीतल्या एका दुकानात त्याच्या नकली सीड्या मिळत होत्या. मी एक घेऊन आले. दादाचं मन रमेल, एवढाच विचार केला होता. काय घेऊन चाललेय, हे डोक्यातच आलं नाही. गाडी म्हटल्यावर मला तो पूर्वीचा, हसणारा दादाच आठवत होता.

पहिले दिवस तो लांब बसून नुसता बघायचा. मी खेळायचे. गेम म्हणून बोलायचं तर दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी सरस होता. पहिल्यात एकच शहर होतं, इथं शहराबाहेर घाट होता, शेतं होती, पेट्रोल पंप असलेली छोटी गावं होती. पहिल्यातला नायक मुका होता. हा बोलायचा, चिडायचा, त्याची बहीण त्याला फोनवर फैलावर घ्यायची. त्याला पोहता यायचं, भूक लागायची, खाऊन खाऊन तो सुटायचासुद्धा. घाटात संध्याकाळ झाली की आकाश असं तांबडं व्हायचं की मी गाडी बाजूला घेऊन बघत बसायचे.

खोटही बरीच होती. मधे गोष्ट फार रेंगाळायची. नायक ज्या सुडासाठी परत आलेला असतो तो विसरून लोकांची हलकीसलकी कामं करत हिंडायचा. विमान शिकायचा धडा तर इतका चीड आणणारा होता की मी दोनदा कीबोर्ड आपटला. आमचा कॉम्प्युटर दुबळा, त्यामुळं लांबचा रस्ता धुक्यातून तुकड्यातुकड्यानं उगवायचा, आणि समोरची गाडी नाकाशी आल्यावरच दिसायची.

एका दुपारी लोडशेडिंग संपून वीज आली, मी गेम सुरू केला आणि मागून दादा म्हणाला, "सरक जरा."

तो बसला. नायकाला एका साध्या गाडीत बसवलं आणि सावकाश निघाला. पहिला सिग्नल लाल होता. दादा थांबला. त्या गेममध्ये सिग्नलला कुणी थांबत नाही, थांबायचं काही कारणच नसतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, एकजण उतरून शिव्या देऊ लागला. दादा हिरवा होईपर्यंत थांबला, मग निघाला. असा तो रोज खेळू लागला. कामं नाहीत, मारामारी नाही. शहरातून घाटात, घाटातून गावात, आणि परत.

मला बरं वाटलं. आईला म्हटलं, "गाडीवर बसलाय बघ पुन्हा."

मग एक दिवस घाटाखालच्या गावात एक माणूस अचानक त्याच्या गाडीपुढं आला. धुक्यामुळं दिसलाच नाही. माणूस पडला. दादाचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. मी गेम बंद करायला पुढं झाले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

पहिल्या भागात पडलेला माणूस थोड्या वेळानं रस्त्यावरून नाहीसा व्हायचा, विषय संपला. दुसऱ्या भागात सायरन वाजला. एक ॲम्ब्युलन्स आली, त्यातून दोघं उतरले, एकजण त्या माणसाजवळ गुडघ्यावर बसला आणि छाती दाबू लागला. आणि तो माणूस उठला. कपडेही न झटकता आपल्या वाटेनं चालू लागला.

दादा त्याच्याकडं बघत राहिला. तो माणूस कोपऱ्यावरून वळला तरी बघत होता.

त्यानंतर तो मुद्दाम माणसांना उडवायला लागला असं नाही. पण कुणीही पडलं, दुसऱ्याच्या गाडीखाली, मारामारीत, कसंही, की तो आपली गाडी बाजूला लावायचा आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघायचा. कधी ती यायची. कधी यायचीच नाही. एकदा ती आली आणि शेवटच्या वळणावर विजेच्या खांबाला अडकली. पुढं-मागं होत राहिली, सायरन चालू, पण निघेना. गेम बनवणाऱ्यांची ढिलाई होती ती, दुसरं काही नाही. मी तसं सांगितलंही.

"गेममधला बग हाय दादा तो, प्रोग्रॅममधली चूक. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर होतंय."

त्यानं नायकाला पुन्हा गाडीत बसवलं आणि त्या गाडीनं ॲम्ब्युलन्सला मागून ढकलायला लागला. ॲम्ब्युलन्स उलटली. तिनं पेट घेतला. रस्त्यावरचा माणूस एव्हाना नाहीसा झाला होता.

दादानं मॉनिटरवर हात ठेवला. मग सरळ आवाजात म्हणाला, "त्या माणसाचं घर कुठं असंल?"

"कुणाचं?"

"ह्याचं," त्यानं रिकाम्या रस्त्याकडं बोट केलं. मी म्हटलं, त्याला घर नसतं. त्या शहरातल्या बहुतेक घरांना दारंच नव्हती, नुसती चित्रं होती. ही त्या गेमची सगळ्यात मोठी उणीव, असं मला तेव्हापासून वाटतं. एवढा मोठा मुलूख रचला, पण मेलेल्याची वाट बघणारं एकही माणूस त्यात ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वडिलांना म्हणाला, "मला त्यांच्या गावाला जायाचं हाय." वकिलानं जाऊ नका असं बजावलं होतं. वडील चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाले. दोघं एसटीनं गेले. पुढचं वडिलांनी सांगितलेलं.

गावात विचारत विचारत घर सापडलं. दारात म्हाताऱ्याचा मुलगा होता. ओळखलं नाही त्यानं.

"या पावणं. कुठलं म्हणायचं?"

"कोल्हापूरचं," वडील म्हणाले. दादा म्हणाला, "तो टेम्पो मी चालवत होतो."

मुलगा उठून उभा राहिला. वडिलांना वाटलं, आता मार पडणार. आत एक म्हातारी चुलीपुढं बसलेली दिसत होती, तिनं मान वर केली नाही.

"कशाला आलासा?" मुलगा म्हणाला.

"म्हाईत न्हाय," दादा म्हणाला.

मुलगा परत खाली बसला. मग त्यानं विचारलं, "शेवटाला काय म्हणाला का?"

"वैरण पडली म्हणाले."

मुलानं तोंड फिरवलं. आतून म्हातारी म्हणाली, "म्हणंल की. मरताना बी म्हशीचंच." तिनं बाहेर पाणी पाठवलं. ते प्याल्यावर मुलगा म्हणाला, "तुम्ही पळाला न्हाईसा, ते ऐकलंय मी. पर आता परत येऊ नगासा. आईला सोसायचं न्हाय."

पुढं केस वर्षानुवर्षं चालली. तो मुलगा साक्षीला आला तेव्हा ड्रायव्हरनंच दवाखान्यात नेलं, एवढं त्यानं सांगितलं. जास्त नाही, कमी नाही. दादा सुटला. निकालाच्या दिवशी मीही गेले होते, पुण्याहून. तोवर मला तिकडं नोकरी लागली होती आणि त्या गेमचा आणखी एक भाग येऊन गेला होता. ऑफिसातली पोरं त्याबद्दल तावातावानं भांडायची, कुठला भाग भारी यावर. मी त्यात पडत नसे.

सुटल्याचा आनंद दादाच्या तोंडावर दिसला नाही. त्यानं लायसन नवीन करून घेतलं नाही. शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत तो ओतीव माल घासायच्या कामाला लागला. धुळीनं संध्याकाळी खोकायचा. आईनं दुसरी मेणबत्ती बंद केली नाही.

कोर्टातून निघाल्यावर एसटी स्टँडवर म्हाताऱ्याचा मुलगा भेटला. दादानं नमस्कार केला, त्यानंही केला.

"गाडी चालवतासा का अजून?"

"न्हाय."

"हां," तो म्हणाला. एवढ्यात त्याच्या गावाची एसटी लागली. तो गर्दीत घुसला, खिडकीशी जागा मिळाली तरी त्यानं बाहेर बघितलं नाही. दादा गाडी सुटेपर्यंत तिथंच उभा होता.