डाव्या वळणावरची वायर

गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणारा हा माणूस जगात फक्त हातातल्या व्होल्ट मोजायच्या मीटरला मान देत असे. बाकी सगळे त्याच्या लेखी अडाणी. मेकॅनिक म्हणजे पाने फिरवणारे हमाल, कॉम्प्युटर लावून दोष शोधणारे म्हणजे वाचता येतं एवढ्यावर डॉक्टर झालेले, आणि गाड्या चालवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. गाड्या बिघडत नाहीत, बिघडवल्या जातात, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगे. लोक त्याला मीटरमास्तर म्हणत. त्यात थट्टा आहे, हे तीस वर्षांत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

एवढा नाकाने कांदे सोलणारा मास्तर, पण त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला गेला, स्वतःच्याच दुकानाचं शटर चेपवून आला, आणि तेव्हापासून चालवणं हे कुणाचंही काम, समजणं हे माझं, असं सांगत सुटला. त्यामुळे प्रत्येक गाडी तो उभी ठेवूनच तपासायचा. बहुतेक दोष उभ्या गाडीतही सापडतात, म्हणून त्याचं निभावून गेलं.

त्याची लेक अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना घरी जाऊन व्यायाम देत असे. दिवसाला सहा घरं, तीही शहराच्या सहा टोकांना. गाडी नाही तर नोकरी नाही, इतका सरळ हिशोब होता. तिच्या छोट्या गाडीला क्लचचं पेडल नव्हतं. क्लच दाबायचं काम गिअरबॉक्सवर बसवलेली एक मोटार करायची. ही गाडी अलीकडे भर रस्त्यात आपोआप न्यूट्रलमध्ये जाऊ लागली होती. जावईबापूंनी घरबसल्या निकाल देऊन टाकला: हिला चालवता येत नाही, गाडी विकून टाकू, नोकरीचं मग बघू. लेक बापाकडे आली.

"चढावर डावीकडे वळताना होतं, बाबा. फक्त तेव्हाच," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

मास्तर हसला. विजेला डावं-उजवं कळत नसतं, म्हणाला. उभ्या गाडीचं इंजिन चालू करून त्याने मोटारीच्या वायरला मीटर लावलं. चौदा व्होल्ट, सगळं ठणठणीत. ती दुसऱ्यांदा आली तेव्हाही चौदा. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने मीटर उचलायचेही कष्ट घेतले नाहीत. वर जावयाला आपणहून फोन करून कळवलं की गाडीत काही नाही. पोटच्या पोरीपेक्षा बॅटरीवर चालणाऱ्या डबीवर जास्त भरवसा ठेवणारे बाप विरळाच, आणि ते विरळच असलेले बरे.

मग एके दिवशी दुपारी लेकीची गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार असं जावयाने ठरवलं. त्या सकाळी लेक दुकानात आली ती विचारायला नव्हे. तिने बॉनेट उघडलं, मोटारीच्या वायरला मीटर लावायला आणि त्याच्या तारा लांब करून मीटर गाडीत घ्यायला सांगितलं.

"आणि माझ्या शेजारी बसा," ती म्हणाली.

मास्तरला एकदम दुकान कोण बघणार याची काळजी लागली. मग कंबर आठवली. पण समोरचा पंक्चरवाला हातातली ट्यूब सोडून मजा बघायला उभा राहिला होता, तेव्हा लाजेकाजेस्तव मास्तर आत बसला.

सपाट रस्त्यावर चौदा. उजव्या वळणावर चौदा. मास्तरला जोर चढला. गिअरवर हात कसा हलका हवा, यावर त्याने व्याख्यान सुरू केलं. जन्मात गाडी न चालवलेल्या माणसाचं ते व्याख्यान लेक निमूट ऐकत होती. पाण्याच्या टाकीचा चढ आला, ती डावीकडे वळली, आणि मांडीवरच्या मीटरचा आकडा धाडकन चारवर आला. गिअर सुटला. गाडी मागे सरकू लागली, मागून ट्रकवाला हॉर्नवर बसला. मास्तरने दोन्ही हातांनी सीटबेल्ट घट्ट पकडला. लेकीने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. मीटरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"किती?" तिने विचारलं.

"चार," मास्तर कसाबसा म्हणाला.

गाडी कडेला घेतल्यावर त्याने ती वायर बोटांनी ओढून पाहिली. वरचं प्लास्टिक धड, आत तांबं तुटलेलं. वायर धरून ठेवणारी क्लिपच गायब होती; चढावर डावीकडे वळताना इंजिन कललं की वायर ताणली जायची आणि आतली टोकं सुटायची. गाडी उभी राहिली की पुन्हा चिकटायची. वायर हातानं हलवून बघणं हा या धंद्यातला पहिला धडा, आणि तेवढं करायला त्याला तीन खेपा पुरल्या नव्हत्या. त्याला शरम वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

तो पिशवीतून पक्कड काढू लागला तेव्हा लेकीने जावयाचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

वायर तुटली होती, त्याने सांगितलं. मीटरनेच सापडली असणार, जावई पलीकडून कौतुकाने म्हणाला. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"मीटरने नाही," तो म्हणाला. "तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि माझं ऐकून तुम्हीही नाही."

दुपारच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवतो, जावई पुटपुटला. लेकीने फोन काढून घेतला आणि आता वायर जोडा म्हणाली, तिला साडेदहाला पेशंटकडे पोचायचं होतं.