कावळ्याला विचारलं, मला नाही

माझी बायको गेली त्याला आठ महिने झाले. दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवला नाही. ही गोष्ट पणदऱ्यापासून वडगावपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं लपवण्यात काही अर्थ नाही. "म्हातारीचं मन नवऱ्यावर कष्टी होतं," असं बायका म्हणतात. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही. पण मी जवळून गेलो की बोलणं मधेच थांबतं, आणि थांबलेलं बोलणं बरोबर ऐकू येतं.

मी चौथी शिकलेला माणूस. ऊस लावला, ऊस तोडला, गाया सांभाळल्या. जनावराचं मला कळतं. गाय वैरण सोडून उभी राहिली तर कशानं, ते मी लांबून सांगतो. बायकोचं चव्वेचाळीस वर्षांत कळलं नाही. कळून घ्यायचं असतं हेच माहीत नव्हतं.

रडायला मला आलं नाही, अजून आलेलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गालाला हात लावला तर तो आपला की दुसऱ्याचा ते कळत नाही. तसं झालंय सगळं. जेवतो, झोपतो, गाईला पाणी दाखवतो. पण एक गोष्ट मात्र सारखी टोचायची. ती माझ्यावर रागावून गेली का?

कारण ती गेली त्याच दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. चहावरून.

आमच्या घरात दोघंच. मुलगा बारामतीला कंपनीत, तिथंच दोन खोल्यांत सून आणि पोरांबरोबर राहतो. लेक इंदापूरला दिलेली. हिनं पहाटे गाय पिळायची आणि मला चहा द्यायचा, हे लग्नापासूनचं. शेवटच्या तीन वर्षांत मात्र ती बदलली. गाय पिळली की किटली उचलायची आणि सरळ डेअरीत दूध घालायला निघायची. चहा न करता. दुधाची गाडी आमच्या दारावरून जाते. हात केला की थांबते. तरी ही गुडघे धरत अर्धा मैल चालत जाणार.

"चहाचं काय?" मी विचारायचो.

"वाटीत दूध झाकून ठिवलंय. घ्या करून."

"मी करू?"

"मग काय गाईला सांगू?"

आणि जायची. यायची ती आठ वाजता. दूध घालायला पाच मिनिटं लागतात. मला वाटलं, म्हातारपणी हिला चकाट्या पिटायचा नाद लागला. चार बायका भेटतात, सुनांच्या चहाड्या करतात, ह्यापलीकडं काय असणार? पहिल्या दिवशी मी चहा केलाच नाही. आठ वाजेपर्यंत दात खात बसून राहिलो. आल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, किटली धुऊन पालथी घातली आणि शेण काढायला गेली. दुसऱ्या दिवशी केला. अर्धा उतू गेला. उरलेला काढ्यासारखा कडू. मी शेजारपाजारला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. मग रोजच करायला लागलो आणि रोजच शिव्या द्यायला लागलो.

त्या काळात तिच्या आणखी दोन गोष्टींचा मला राग यायचा. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर असायचे, ते तिनं खाली ओट्यावर आणले. मुंग्या लागायच्या. आणि एक नवं पातेलं आतून खरवडलेलं दिसलं. "नवं भांडं कशानं वरबाडलं?" मी ओरडलो. "घासणीनं लागलं आसंल," ती म्हणाली. तेवढ्यावर ते मिटलं.

शेवटच्या दिवशी ती साडेआठला आली. मी म्हणालो, "डेअरीला नवरा केलाय का दुसरा?"

ती दाराच्या चौकटीला हात लावून जरा उभी राहिली. मग किटली धुतली, पालथी घातली. दुपारी गोठ्यात बसल्या जागी गेली. हातात चाऱ्याची पेंडी होती, ती गाईनं ओढून घेतली होती.

डॉक्टरनं तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, हृदय मोठं झालंय, जपा. मी तिथंच म्हणालो होतो, "बायकांचं काळीज मोठंच असतंय, डॉक्टर." सगळे हसले. ती पण हसली. पंधरा दिवसांत मी ते विसरून गेलो.

दहावा नीरेच्या काठावर झाला. पिंड मांडले, सगळे मागं सरकले. चार कावळे बाभळीवर बसलेले. एक उतरायचा, पिंडाभोवती फिरायचा आणि परत वर. भटजी म्हणाले, "काही राहिलं असंल त्यांच्या मनात. बोला कुणीतरी."

आपल्याकडं अशा वेळेला गेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखायचं असतं, आणि ते सगळ्यांसमोर बोलून तसा शब्द द्यायचा असतो. बरोबर ओळखलं की कावळा शिवतो, असं म्हणतात. मी आजवर पन्नासेक दहाव्यांना गेलो असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा ध्यान देऊन ऐकलं.

पहिला माझा मेव्हणा पुढं आला, वरकुट्याचा. हात जोडून म्हणाला, "आक्का, रानाच्या हक्कसोडावर तुझी सही घेतली ती मनात ठिवू नगं. दर दिवाळीला लेकीला साडी आणंन." कावळा हलला नाही. आणि माझ्या बायकोला त्या रानाची आठवणसुद्धा नव्हती. तिनं सही करून परत येताना एसटीत शेंगा खाल्ल्या होत्या. सल तिला नव्हती, ह्याला होती. वीस वर्षं बिचारा घेऊन फिरत होता.

मग मुलगा. "आई, आबांना मी बारामतीला नेतो. एकटं ठिवत न्हाय."

तो थांबतोय न थांबतोय तोच सून म्हणाली, "आत्याबाई, तुमची गाय विकणार न्हाय आमी. आबा सांभाळतील."

लोकांना वाटलं, काय सून आहे, सासूच्या गाईवरसुद्धा जीव. मला तिथंच कळलं. गाय राहिली की म्हातारा गावात राहतो. मला राग आला नाही. दोन खोल्या आहेत. पोरगी दहावीला आहे. मी खोकतो. तिच्या जागी मी असतो तर मीही गाईचंच नाव घेतलं असतं.

कावळा दोघांच्याही बोलण्याला उतरला नाही. लेकीनं माझ्या सदऱ्याची बाही ओढली. "आबा, तुमी बोला की. तुमालाच ठावं आसंल."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चहावरून परत बोलणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ऊन चढलं. लोकांला घरं हायेत. दर्भाचा करा."

भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. संपलं.

मी का बोललो नाही, ते आता सांगतो. लोक म्हणाले, दुःखानं बधिर झाला. लेक म्हणाली, आबांना शब्द फुटंना. तसं काही नव्हतं. मला भीती वाटली, की मी बोललो आणि कावळा खरंच आला तर? सगळ्या भावकीसमोर, व्याह्यांसमोर कळलं असतं, म्हातारी नवऱ्यावर रुसून गेली. कावळा न आलेला परवडला. दुसऱ्यांच्या मनातलं त्या दिवशी मला चटाचट कळत होतं आणि माझं स्वतःचं मी दर्भाखाली झाकून घरी आलो.

पुढं गाय राहिली, मी राहिलो. पहिले काही महिने दूध दारावरच्या गाडीत घातलं. गाडीवाला घाईत असतो, बोलत नाही, ते मला बरं वाटायचं. गेल्या महिन्यात गाडी चार दिवस बंद होती, म्हणून किटली घेऊन पहिल्यांदा डेअरीत गेलो.

तिथं भिंतीला लागून एक कट्टा आहे. कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती. बौद्धवस्तीतली. ती स्वतः एक म्हैस सांभाळते. माझ्या बायकोची आणि तिची ओळख आहे एवढं मला माहीत होतं, मैत्री आहे हे माहीत नव्हतं. दूध घालून मी निघालो तर ती म्हणाली, "दाजी, बसा की. बायकू दीडदीड तास बसायची. तुमाला काटं टोचत्यात का?"

बसलो. जरा वेळानं तिनंच विचारलं, "कावळा शिवला न्हाय म्हणं."

"न्हाय शिवला."

"आमच्यात कावळ्याबिवळ्याचं काय नसतंय. पर तुमचं मला नवाल वाटतंय. तुमी कावळ्याला इचारलं, मला न्हाय इचारलं."

"तुला काय इचारायचं?"

"ती हितं कशाला बसायची त्ये."

मी म्हणालो, "चकाट्या पिटायला."

ती हसायला लागली. दोन दातांवर हसू. "काय चकाट्या? तासभर गप बसायची. गुडघं चोळत. सगळ्यांस्नी म्होरं जाऊ द्यायची, आपली किटली मागं सारायची. मी म्हणायची, बाई, जा की घरी, बसून बसून मुळं फुटतील. तर म्हणायची, आत्ता गेले तर म्हातारं चहासाठी माझीच वाट बघंल. करू दे त्याचं त्याला. उद्या मी गेल्यावर ह्याला कोण देणार हाय? सुनंच्या दारात कप घिऊन हुबा ऱ्हायचा न्हाय त्यो, उपाशी मरंल."

मी किटलीची कडी धरून बसलो होतो.

"शिव्या देत हुता न्हवं तुमी रोज?"

"देत हुतो."

"सांगायची की आमाला. आज लय शिव्या दिल्या, म्हंजी चहा केला बगा. ज्या दिवशी गप बसतील त्या दिवशी मला घोर लागंल, म्हणायची."

मी उठलो. ती पाठीमागून म्हणाली, "भाकरी बी शिकवणार हुती. त्ये ऱ्हाईलं."

घरी येईस्तोवर मी ह्या म्हातारीच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नव्हता. नदीवर जे बघितलं त्यानंतर माणूस काही बोललं की मी आधी बघतो, ह्याला बोलून काय मिळतंय. हिला काय मिळणार? एकट्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून लोक खोटं बोलतात, तेही एक कारण असतंच. आणि ही गोष्ट मला सोयीची होती. सोयीची गोष्ट लगेच पटते, म्हणून मी ती पटवून घेत नव्हतो.

मग ओट्यापाशी उभा राहिलो. डबे खाली आणलेले, माझ्या हाताला येतील असे. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, ट्रॅक्टरवरून पडलो तेव्हापासून. ते पातेलं उचललं आणि दारात उजेडाला धरलं.

घासणीचा ओरखडा कसाही जातो. हा आडवा होता. खिळ्यानं किंवा कशानं तरी दाबून ओढलेला, बोटभर लांब. मी पातेल्यात तिथपर्यंत पाणी ओतलं आणि ते माझ्या कपात घातलं. कप काठोकाठ भरला, पण सांडला नाही.

खूण एकाच कपाची होती. दोन कपांची तिनं केलीच नव्हती.

ती त्या दिवशी चौकटीला हात लावून उभी राहिली ते रागानं की छातीत कळ आली म्हणून, हे ह्या पातेल्यावरून कळत नाही. कळलं असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र खरं, की मी डेअरीचं ते वाक्य बोललो तेव्हा ओट्यावर माझा चहाचा कप रिकामा पडलेला होता, आणि आत येताना तिची नजर तिकडं गेली होती. ते मला आठवतं. तेव्हा वाटलं होतं, कप धुतला नाही म्हणून बघते.

मुलाला सांगून टाकलं, मी बारामतीला येत नाही. "आसं कसं, आबा," तो म्हणाला, पण त्याचे खांदे खाली आले. सुनेनं परवा डब्यातून चकल्या पाठवल्या. पूर्वी कधी पाठवत नव्हती. का पाठवल्या ते मला माहीत आहे. चकल्या चांगल्या होत्या, खाल्ल्या.

गाडी पुन्हा सुरू झाली तरी दूध आता मीच डेअरीत घालतो. म्हातारी कट्ट्यावर असते. आम्ही फारसं बोलत नाही.

बायको गेल्यापासून चहावरून मी एकदाही शिवी दिली नव्हती. द्यायची कुणाला? काल सकाळी गाईनं दाव्याला हिसका दिला, तिकडं बघायला गेलो तोवर चहा उतू जाऊन गॅस विझला. बायकोच्या नावानं एक मोठी शिवी तोंडातून गेली. घर रिकामं, त्यामुळं ती भिंतीवर जाऊन परत आली. मी गॅसचं बटण बंद केलं. मग ओटा पुसला, खुणेपर्यंत दूध-पाणी घालून दुसरा चहा ठेवला, प्यालो आणि किटली घेऊन निघालो.