आवाज न येणारी फाईल

माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला वर्षभर आवाज नव्हता. स्पीकर होते, वायरी होत्या, आत साउंड कार्डसुद्धा होतं. पण मी त्याच्यावर विंडोज ठेवायला तयार नव्हतो आणि लिनक्सला ते कार्ड ओळखू येत नव्हतं. मी हटून बसलो होतो, लिनक्सही हटून बसलं होतं, आणि स्पीकरवर धूळ साचत होती.

आमचं घर अवसरी बुद्रुकच्या कडेला, गावापासून जरा सुटं. मंचरच्या एसटी स्टँडवर कॉम्प्युटरचं एक मासिक मिळायचं, त्याच्याबरोबर सीडी फुकट यायची. तशाच एका सीडीतून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टिम, आमच्या घरात शिरलं. मासिकात लिहिलं होतं की ज्याचं मशीन, त्याचीच त्याच्यावर सत्ता पाहिजे. माझी तेव्हा कशावरच सत्ता नव्हती, त्यामुळं ते वाक्य मला फारच पटलं. आता आठवलं की हसू येत नाही, रागही येत नाही. पटलं होतं, एवढंच.

पुढची काही वर्षं त्या पटण्यात गेली. फोनची लाईन घेतली, तर मोडेम विंडोजशिवाय चालायला तयार नाही. प्रिंटर पानाच्या डोक्यावर एक ओळ छापायचा आणि पुढची सगळी पानं कोरी बाहेर टाकायचा. मराठी मजकूर उघडला की पडद्यावर नुसते चौकोन, ओळीनं उभे. कंटाळून मी दुसऱ्या जातीच्या सिस्टिमही आणून बघितल्या. एक बघता बघता चालू व्हायची, पण चालू झाल्यावर तिच्यात करण्यासारखं काहीच नसायचं. दुसरीनं हार्ड डिस्कची वाटणी करताना मला न विचारता सगळीच्या सगळी जागा आपल्या नावावर करून घेतली. भाऊबंदकीत माणसं निदान आधी भांडतात तरी. शेवटी मी पुन्हा लिनक्सकडं आलो. इतकी वर्षं घातल्यावर माघार घ्यायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पोटापाण्यासाठी मी मंचरला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. तिथं सगळीकडं विंडोजच. दिवसभर पोरांना स्टार्टचं बटण दाखवायचं आणि घरी येऊन काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांशी भांडायचं, असा माझा प्रपंच. क्लासचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, रोज एकदा तरी चिमटा काढायचे. "काय राव, फुटला का आवाज तुमच्या लिनक्सला?" मी म्हणायचो, "व्हईल, व्हईल."

वडलांचाही प्रश्न हाच. आमच्या घरात मेंढरं पिढ्यान् पिढ्या. आधी वडील लांब लांब जायचे, लोकांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य आणायचे. माझ्या क्लासाच्या दिवसांत मात्र कळप लहान झाला होता आणि ते रोज संध्याकाळी घरी यायचे. उसाच्या पलीकडच्या बांधावर पोचले की ते मेंढरांना हाळी द्यायचे. लांबलचक हुर्रर्र, आणि शेवटी जीभ टाळूला आपटून काढलेला एक आवाज. ती हाळी घरापर्यंत ऐकू यायची. ती ऐकली की आई चहाचं आधण ठेवायची. वडलांना शुगर होती, म्हणून त्यांचा चहा वेगळ्या छोट्या पातेल्यात, बिनसाखरेचा. मेंढरं वाडग्यात कोंडून, हातपाय धुऊन ते पायरीवर टेकेपर्यंत कप तयार असायचा. इतकी वर्षं हे चाललं होतं की ते चाललंय हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

चहा पिता पिता ते आत डोकवायचे. "बोललं का?"

"नाही अजून."

"मुकं जनावर बी कुठं दुखतंय ते दावतं. ह्ये तर विंग्रजीत रडतंय."

आई तर लिनक्सच्या चिन्हातल्या पेंग्विनला बदकच म्हणायची. त्या बदकाच्या नादाला लागून पोरगा वाया गेला, असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना हसायची.

वर्षभरानं साउंड कार्ड चालू झालं. काय केल्यानं झालं, ते मला आजही सांगता येणार नाही. वडलांना मुद्दाम बोलावून मी एक टिंग असा आवाज ऐकवला. ते म्हणाले, "एवढंच?" आणि मेंढरांकडं गेले.

पुढं पुष्कळ वर्षांनी, एका दिवाळीत आतेभाऊ चाकणहून आला. कंपनीत लागला होता, नवा कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला होता आणि दिसेल त्याचं शूटिंग करत सुटला होता. संध्याकाळी तो वडलांच्या मागं बांधावर गेला. त्यानं काढलेली छोटीशी फिल्म मी मेमरी कार्डावरून माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. लावून बघितली तर चित्र दिसलं, आवाज नाही. मोबाईलमधला आवाज ज्या पद्धतीनं बांधलेला असतो तो सोडवायला एक वेगळा तुकडा लागतो, त्याला कोडेक म्हणतात. परवान्याच्या भानगडीमुळं तो लिनक्सबरोबर मिळत नव्हता. नंतर बघू म्हटलं. आतेभावानं महिन्या-दोन महिन्यांत तो मोबाईल बदलून दुसरा घेतला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात वडील गेले. सकाळी उठलेच नाहीत.

दहावा नदीवर झाला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं झाली, सोसायटीचे कुणी बोलले, तालुक्याचे कुणी बोलले. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, माणूस समाधानानं गेला. मी डोकं भादरून बसलो होतो. माईक सारखा खरखरत होता, त्याचं अर्थिंग नीट नव्हतं. त्या दिवसातलं माझ्या ध्यानात राहिलं ते एवढंच. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट बघत होतो, घरी आल्यावर येईल, रात्री येईल. आलं नाही. बहिणी रडल्या, आतेभाऊ रडला, सरसुद्धा येऊन डोळे पुसून गेले. मी त्यांना पाणी दिलं.

मेंढरं चुलते घेऊन गेले. वाडगं रिकामं झालं. संध्याकाळचा चहा कधी बंद पडला ते कळलं नाही. मी क्लासातून यायचो, आई भाकरी टाकत असायची, आम्ही जेवायचो. आई घरच्यांशी मुळातच कमी बोलायची, आता त्याहून कमी बोलायला लागली.

मग एक दिवस मी ती फाईल उघडली. वडील बांधावर उभे आहेत. डोक्यावर मुंडासं, खांद्यावर घोंगडी. हात तोंडाशी नेतात, छाती फुगते, मान जराशी वर होते. ते हाळी देतात. मेंढरं माना वळवतात आणि त्यांच्याकडं चालायला लागतात. आणि आवाज नाही. मी स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. नुसती घरघर.

घरात वडलांचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. होता तो ह्या एका फाईलमध्ये होता, आणि मला तो ऐकायला हवा होता.

कुणीही म्हणेल, ह्यात अडचण ती काय? क्लासात विंडोज होतं, एका क्लिकचं काम. पेन ड्राइव्हवर फाईल टाकून मी रोज खिशात घेऊन जात होतो. खिशावर हात ठेवून पोरांना स्टार्टचं बटण दाखवत होतो. पण तिथं लावली नाही. स्वतःला सांगायचो की पोरं असतात, सर असतात, बरं दिसत नाही. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. आवाज ऐकला आणि तरीही आत काही हललं नाही तर? मग मात्र पक्कं कळणार होतं की आपण असेच आहोत. आवाज येत नव्हता तोवर सगळा दोष लिनक्सवर टाकता येत होता.

म्हणून मी त्या कोडेकच्या मागं लागलो. तो नुसता आणून बसवता येत नव्हता. व्हिडिओ चालवणारा आख्खा प्रोग्रॅमच घरी नव्यानं बांधावा लागणार होता. क्लासातल्या नेटवरून सामान उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं, घरी येऊन बांधायला लावायचं. की तो सांगणार, ही एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा जोडतुकडा, कमी आहे. दुसऱ्या दिवशी ती न्यायची, तर तिला आणखी एक लागणार. तिसरी आणली की म्हणणार, पहिली जुनी आहे. क्लासातल्या व्हायरसांनी पेन ड्राइव्ह भरून यायचा. लिनक्सवर त्यांचं काही चालायचं नाही, एवढं एक सुख होतं. सगळं जुळून बांधकाम निम्म्यावर आलं की भारनियमनाची वेळ व्हायची आणि लाईट जायची. मी तसाच अंधारात बसून राहायचो. बाहेर पारगावच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची घरघर ऐकू यायची.

मला संताप यायचा. कीबोर्ड आपटायचो, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायचो. एकदा तर पेन ड्राइव्ह अंगणात भिरकावला आणि बॅटरी घेऊन शोधत बसलो. वडलांसाठी डोळ्यांतून टिपूस निघत नव्हतं आणि एका लायब्ररीसाठी मी अंधारात अंगण चाचपत होतो. हे विचित्र आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं, पण वाटत काहीच नव्हतं.

आई एकदा दारात येऊन उभी राहिली. "काय बिघडलंय त्याचं?"

"आवाज येत नाही."

"पुन्हा?" ती म्हणाली आणि गेली. कशाचा आवाज, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

उसाचा हंगाम सरत आला होता. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती आणि लाईट दुपारभर टिकली. दिवस कलता कलता बांधकाम पुरं झालं. पडद्यावर एकही चूक नाही, तेव्हा मला आधी संशयच आला. मी फाईल उघडली. स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलंच होतं.

हाळी घरभर घुमली. लांबलचक हुर्रर्र, आणि शेवटी तो टाळूचा आवाज.

माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा की चाललं. दुसरा असा की ओठ आणि आवाज जरा मागंपुढं होतायत, हे जुळवावं लागेल. मी नक्की करायला पुन्हा लावली. पुन्हा हाळी घुमली. मी आत बघत होतो, काही हलतंय का. नव्हतं हलत. ज्याची भीती होती तेच झालं, असं मला वाटलं, आणि त्याचंही फारसं काही वाटलं नाही.

स्वयंपाकघरात लायटरचा टकटक आवाज झाला. पातेलं ठेवल्याचा आवाज झाला. मी ओठ आणि आवाज जुळवायचे आकडे बदलत बसलो होतो, माझं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळानं आई माझ्या मागून गेली आणि पायरीवर जाऊन थांबली. तिच्या हातात कप होता. ती उसाच्या पलीकडच्या बांधाकडं बघत होती. मग तिनं वाडग्याकडं बघितलं. वाडग्यात वाळकी पानं आणि तुटकं दावं, दुसरं काही नव्हतं. ती बराच वेळ तशीच उभी होती, कप आडवा होऊ न देता.

मग ती वळली. पडद्यावर वडील थांबलेले होते, हात तोंडाशी.

"त्यात हायेत व्हय," ती म्हणाली.

"हो."

ती आत आली आणि कप माझ्यापुढं धरला. "घे. निवंल."

मी घेतला. एक घोट घेतला. चहात साखर नव्हती.

तेव्हा मला रडू आलं. एवढे महिने कुठं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम आलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं. आईनं माझ्याकडं बघितलं, मग कपाकडं बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं.

"साखर न्हाई त्यात," ती म्हणाली. "आन इकडं. तुझ्यापुरता दुसरा टाकते."

तिनं हात पुढं केला. मी कप दिला नाही.