सावलीची कड

माझी नात ढगांच्या कामात आहे. उपग्रह वरून फोटो काढतो, पण त्याला बर्फही पांढरा आणि ढगही पांढरा. कधीकधी फसतो. म्हणून हिच्या ऑफिसचं विमान यंत्रं घेऊन ढगातच शिरतं आणि उपग्रहाने सांगितलं ते खरं का, ते बघतं. जमिनीवरून बघणारी माणसंही त्यांना हवी होती. इथं किनाऱ्यावर, पाचूबंदरला मी आहेच, म्हणून तिने मला धरलं.

उपग्रह सकाळी साडेदहाला डोक्यावरून जायचा. तेव्हा आभाळ कसं आहे, ते मी वहीत लिहायचं आणि तिला फोनवर सांगायचं. चौथी शिकलेय, तेवढं येतं. मी वर बघायचेच नाही. बोंबील वाळत घालतो त्या वलांडीच्या बांबूची सावली वाळूवर बघायचे. कड सुरीसारखी असली तर आभाळ मोकळं. कड विरली तर वर झिरझिरीत ढग आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. त्या दिवशी बोंबील वाळायला उशीर लागतो. आम्हा बायकांना हे लहानपणापासून ठाऊक.

हिवाळ्यात एकदा आभाळ निळंशार होतं आणि कड मात्र विरलेली. मी तसंच सांगितलं. त्याच वेळी ऑफिसचं विमानही वर होतं.

महिन्याभराने नात घरी आली, खुशीत होती. त्या दिवशी उपग्रह चुकला म्हणाली; विमानाला खूप उंचावर बर्फाच्या कणांचा पातळ ढग सापडला, खालूनही कोणाला कळला नव्हता.

मी वही काढून पुढ्यात ठेवली.

"इथं काय लिवलंय, वाच."

तिने वाचलं आणि वही मिटली.

"आजी, उपग्रह मोकळं दाखवत होता. मला वाटलं, तुझ्या मोतीबिंदूमुळे... म्हणून मी नोंदीत 'आभाळ मोकळं' असं टाकलं."

"माझ्या नावापुढं?"

"हो."

ऑपरेशन त्याआधीच झालं होतं, हीच मला घेऊन गेली होती. डोळे चांगले झाले, हे डॉक्टरने तिलाच सांगितलं होतं.

तुझ्या साहेबांना सांग, मी म्हटलं. तर रिपोर्ट गेलाय, आता सांगितलं तर बाकीच्या नोंदींवरही संशय येईल, माझ्या नोकरीचं काय, असं तिचं सुरू झालं. उपग्रहाला तपासायला विमान पाठवतात. मला मात्र हिने उपग्रहावरून तपासलं, तेही न विचारता. परक्याने केलं असतं तर शिवी घालून विसरले असते. हिला मी वाढवलंय.

निघताना तिने वही मागितली. जपून ठेवते म्हणाली.

"ने. पन सायबाला दाखवनार असशील तरच ने."

तिने वही ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि बसच्या वेळेचं काहीतरी पुटपुटत निघून गेली.