कुंकू लागलेली रॅम

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी दुकानामागच्या खोलीत भाजी निवडत होते. दुकानातला फोन मी कधी उचलत नसे. तो वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, तेव्हा उचलला. पलीकडचा माणूस अनोळखी होता. "तुमचे भाऊ बसस्टँडवर पडले, दवाखान्यात आणलंय," म्हणाला आणि पुढे बोलेनाच... मी समजले. भाऊ जाऊन दीड महिना झाला.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण अख्खं पारोळं त्याला भाऊ म्हणे, म्हणून मीही म्हणायचे. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडेच आले. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी चौथी शिकलेली, परक्यासमोर तोंड न उघडणारी. गिऱ्हाईक आलं की पडद्यामागे. तिथून त्याचं काम दिसे. बंद मशीन आलं की तो लगेच पेचकस घेत नसे. आधी विचारायचा, "बंद पडायच्या आधी काय झालं होतं?" मग मान वाकवून मशीनचा आवाज ऐकायचा. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा त्याचा नेम. त्यासाठी एक रॅम, म्हणजे मशीनच्या आत बसते ती बोटभर रुंद पट्टी, त्याने वेगळी ठेवली होती. तिच्यावर त्याचा डोळे झाकून भरवसा. ती लावूनही मशीन चाललं नाही तर दोष दुसरीकडे.

एका दसऱ्याला मी त्याच्या हत्यारांची पूजा केली. पेचकस, चिमटा, मीटर आणि पाटावर ती रॅमही. ओल्या हळदीकुंकवाचं बोट नेमकं तिच्या सोनेरी कडेवर टेकवलं. वाटलं, सोनेरी आहे तेच तिचं कपाळ असेल.

दुसऱ्या दिवशी चोपड्याचे एक मास्तर मशीन घेऊन आले. भाऊने त्यांची रॅम काढून आपली लावली. मशीन नुसतंच टूं टूं करत राहिलं. "सर, बोर्ड गेलाय," तो म्हणाला. पट्टी लावताना तिच्या कडेचं लाल मला पडद्यामागून दिसलं होतं. पण मास्तर समोर बसलेले, आणि मला त्यातलं काय कळतं... मी गप्प राहिले. दोन दिवसांनी जळगावहून नवा बोर्ड आला, तरी तेच टूं टूं. तेव्हा भाऊने ती पट्टी काढून उजेडात धरली. कडेवरचं कुंकू पुसून ती मास्तरांच्या जुन्याच बोर्डावर लावली, आणि मशीन सुरू झालं. मग मास्तरांना फोन लावला. "चूक माझी आहे, सर. बोर्ड चांगला आहे तुमचा." माझं नावही घेतलं नाही.

फोन ठेवून आत आला. "अक्का, हाई लाल तुले दिसनं व्हतं?"

"दिसनं व्हतं."

"मंग बोलनी का नही?"

"आनि मी चुकनी त? मास्तर हसतीन."

तो हसला. "चांगली पूजा करी माय तू!" मग हळूच म्हणाला, "मशीन बोलत नही म्हनीसन खोलनं पडस. तू त मानूस शे ना, अक्का."

धुळ्याला निघाला त्या सकाळी तो डावा खांदा चोळत होता. पंखा चालू असून कपाळावर घाम. मी पडद्यापर्यंत आले, "आज जाऊ नको" ओठांवर आलं. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. उन्हाचा घाम असेल, उगाच चारचौघांत कशाला, असं वाटलं... "सांजले येस, अक्का," म्हणून तो गेला.

मागच्या आठवड्यात जळगावचे एक दुरुस्तीवाले सामान बघायला आले. एकेक वस्तू तपासता तपासता एक मशीन बाजूला सारत म्हणाले, "हे भंगारात. बोर्ड गेलाय." मी पडदा सरकवून बाहेर आले. म्हटलं, "पॉवर सप्लाय बदलून बघितला का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा सप्लाय जोडला, बटण दाबलं. काही नाही. "नाही हो अक्का, बोर्डच गेलाय," ते म्हणाले, थोडं हसले आणि कपातला उरलेला चहा प्यायले. मग पुढची वस्तू उचलली.

मी चुकले होते. एवढंच झालं. एक माणूस हसला आणि कामाला लागला. त्या सकाळी मी बोलून चुकले असते, तर एवढंच झालं असतं...